ओंकारेश्वर ते म्हात्रे पूल, जाऊन-येऊन

पहाटे पावणेसहाला ओंकारेश्वराच्या बाजूनं मी मुठेच्या पात्रात उतरते, बुटाच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारते आणि पळायला लागते. बालगंधर्वचा पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, लकडी पूल, एस. एम. जोशी पूल आणि मग म्हात्रे पूल. तिथल्या खांबाला हात लावायचा आणि मागं फिरायचं. मनगटावरचं घड्याळ कधी साडेपाच किलोमीटर दाखवतं, कधी पावणेसहा. खांबाला हात लागला नाही तर ती फेरी मी धरत नाही. एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली. हद्दीच्या दगडापर्यंत जाऊन आल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

माझी भाची म्हणते, "आत्या, तू रोज एका स्मशानातून दुसऱ्या स्मशानात पळत जातेस." खोटं नाही. ओंकारेश्वराजवळ पूर्वी दहनभूमी होती. आमच्या आजीच्या बोलण्यात 'ओंकारेश्वरावर नेलं' म्हणजे माणूस संपला, पुढं विचारायचं नाही. आणि दुसऱ्या टोकाकडं, नवी पेठेत, आताचं वैकुंठ. वसईची मोहीम जिंकणारे चिमाजीअप्पा १७४० च्या डिसेंबरात गेले, त्यांची समाधी ओंकारेश्वरालाच आहे. मी तिथंच जवळ पाय ताणते, गुडघे मोकळे करते. सुरुवातीला संकोच वाटायचा. मग वाटलं, घाटावर हातपाय हलवणारी मी काही पहिली नाही. पेठांतल्या तालमींतली पोरं जोर काढून नदीवर डुंबायला यायची, पाठीला सुका भोपळा बांधून लहान मुलं पोहायला शिकायची. माझे वडील याच पात्रात पोहायला शिकले. त्यांच्या नाका-तोंडात गेलेलं पाणी स्वच्छ होतं, एवढाच काय तो फरक.

मी बावन्नाव्या वर्षी पळायला लागले. साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चाला. चालताना मागून येणाऱ्या बायकाही पुढं जायला लागल्या, ते काही सहन होईना. पहिले सहा महिने पंजाबी ड्रेसवर पळत होते. ओढणी कमरेला गाठ मारून. वाड्यातल्या एक काकू रोज विचारायच्या, "काही राहिलं का गं मागं?"

लोक याला नदीकाठचा रस्ता म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. हा रस्ता नदीच्या काठाला नाही, नदीत आहे. पुणेकर पत्ता सांगतानाही म्हणतो, "सरळ नदीपात्रातून ये, गर्दी लागणार नाही." जगात आणखी कुठं नदीतून ये असं इतक्या सहज सांगत असतील, मला शंका आहे. गाव नकाशात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नंबर असतो, नदीला नसतो. दोन रेघा आणि मधला कोरा कागद. नोकरीत असताना मी तो कोरा पट्टा शेकडो वेळा पाहिला. त्याच्यावर आपण रोज सकाळी पळणार आहोत, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

त्या कोऱ्या पट्ट्यावरून माणसं पार कशी जात होती, त्याचा इतिहास पुलांच्या नावांत आहे आणि ती नावं एकजात फसवी आहेत. लकडी पुलात लाकडाची ढलपी सापडायची नाही. पानिपतावर हरून आलेल्या लोकांना भर रस्त्यातून शहरात शिरायची लाज वाटू नये, म्हणून १७६१ साली नानासाहेब पेशव्यांनी इथं लाकडी पूल टाकला, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. पूल पुढं दगडी झाला, संभाजी महाराजांचं नावही त्याला मिळालं, तरी लोकांच्या तोंडी लकडीच. दोन्ही पालख्या याच पुलावरून पेठांत येतात. खालच्या अंगाला, ओंकारेश्वराच्याही पलीकडं, नवा पूल. तो १९२३ साली बांधून झाला. शंभरी उलटली तरी नवाच. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव त्याला नंतर मिळालं, आधी तो लॉइड ब्रिज होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाचा.

या लॉइडसाहेबांचं आणि पुण्यातल्या पळण्याचं एक नातं आहे. मला ते कळलं तेव्हा मी निवृत्त झाले होते, आणि इतकी वर्षं हे आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही, याचा राग आला.

लकडी पुलाच्या पश्चिम अंगाला डेक्कन जिमखाना. आता ते बसस्टॉपचं, चौकाचं, अख्ख्या भागाचं नाव झालंय. पण मुळात ती एक क्रीडासंस्था, १९०६ साली सुरू झालेली. तेव्हा नदीच्या त्या अंगाला शेतं होती. पुणं म्हणजे पेठा, आणि नदी ओलांडली की भांबुर्डा आणि एरंडवणं ही गावं. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा. १९१९ साली जिमखान्याच्या खेळांना ते आले तेव्हा त्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी स्वतः पुढं १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवलं. मैदान इतकं लहान की शंभर यार्डांची शर्यतही वळण घेऊन पळायची. जमीन ओबडधोबड, गवत वाढलेलं, लाटणारा रोलर फिरलेला नाही, पळणाऱ्यांच्या मध्ये दोऱ्या बांधलेल्या नाहीत. पळणारी पोरं शेतकऱ्यांची. त्यांना नियम ठाऊक नव्हते, पळणं ठाऊक होतं.

आणि त्यातली सगळ्यांत मानाची शर्यत म्हणजे लांब पल्ल्याची, सुमारे २५ मैल, पुण्याच्या रस्त्यांवरून. चाळीस किलोमीटर, अनवाणी. खडीच्या, मातीच्या रस्त्यावर. पहिल्या तीन-चार जणांची वेळ पाहून दोराबजी चकित झाले. या पोरांना पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला का पाठवू नये, असं त्यांच्या मनात आलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ती कल्पना उचलून धरली, सरकारी पातळीवर शब्द टाकला. भारताचा संघ ऑलिंपिकला जायची सुरुवात ही अशी, आमच्या नदीपासून हाकेच्या अंतरावर झाली. जिमखान्याचं मैदान या काठाला, पेठा त्या काठाला आणि मधला जवळचा पूल एकच. तेव्हा ती अनवाणी पोरं लकडी पुलावरून गेली असणार, असं मी मनाशी धरून चालते. पुलाखालून जाताना रोज एकदा वर बघते.

त्यांच्यातला एक बेळगावकडचा, फडेप्पा दारेप्पा चौगुले. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला तो मॅरेथॉन पळाला. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा. सोबत सदाशिव दातार होता, त्याला शर्यत पुरी करता आली नाही. आज पुण्यात हौसेनं पळणाऱ्यांच्या गटात कोणी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केली तर त्याचा पेढे वाटून सत्कार होतो. बूट, जेल, मनगटावरचं घड्याळ, सगळं असून. चौगुलेचं नाव मी आमच्या सकाळच्या गटात विचारलं. तेरा जण होतो, एकालाही माहीत नव्हतं. त्यातल्या दोघांच्या टी-शर्टावर पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचं नाव होतं, जी १९८३ पासून चालते. तीही छान गोष्ट आहे. पण तिच्या चौसष्ट वर्षं आधी याच शहरानं एक शर्यत पाहिली होती, हे सांगणारी एक दगडी पाटी कुठं तरी लावायला हवी होती.

आमच्या घरात मात्र पळणं म्हटलं की एकच तारीख. १२ जुलै १९६१.

आई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. घर शनिवार पेठेत, नदीपासून चार मिनिटांवर. वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधून होत आलं होतं. काही कामं अपुरी असतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. भिंत खचायला लागली तेव्हा रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली. बाराला सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं. खडकवासला १८७९ साली पुरं झालेलं दगडी धरण, ऐंशी वर्षं पुण्याला पाणी पाजणारं. तेही त्याच दिवशी फुटलं.

आई सांगायची, भोंगा वगैरे काही नाही. सायकलवरून एक माणूस ओरडत गेला, "धरण फुटलं, पळा!" वाड्यात निम्मे लोक हसले. पूर काय, दरवर्षी येतो, ओंकारेश्वराच्या पायऱ्या बुडतात, पोरं बघायला जातात. आजी म्हणाली, आमटीला फोडणी देऊन निघू. फोडणी झाली नाही. बोळाच्या तोंडाशी पाणी दिसलं. ते वाहत आलं नव्हतं, जमिनीतून उगवल्यासारखं वर येत होतं, गटारातून, मोरीतून. आईनं आजीचा हात धरला आणि दोघी पळत सुटल्या. सदाशिव पेठेतून थेट पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत. तिथं पायऱ्यांवर बसल्यावर लक्षात आलं की तिच्या उजव्या पायात तिची चप्पल आहे आणि डाव्या पायात आजीची. आणि आजी अनवाणी. म्हणजे आजीची दुसरी चप्पल वाटेत कुठं तरी पडली आणि आईची दुसरी वाड्यातच राहिली. घरातलं दुसरं काही वाचलं नाही. नंतर कितीतरी वर्षं आई चप्पल घालताना खाली बघून घालायची. तिचं वय झालं, हात थरथरायला लागले, तरी आधी डावी-उजवी पारखायची.

लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा या नदीकडच्या पेठांतले मातीचे वाडे विरघळले. विरघळले हा आईचाच शब्द. ओंकारेश्वर उभा राहिला. आमचा वाडा गेला, शेजारच्याचा दगडी तळमजला टिकला. तिथं जिन्याच्या अकराव्या पायरीच्या वर चुन्याच्या भिंतीत खिळ्यानं ओढलेली एक आडवी रेघ होती. मी शाळेत जाताना रोज त्या रेघेखालून जायची. उंची मिळवायला उडी मारली तरी हात पोचत नसे. तो वाडा २००४ साली पाडला. मी तेव्हा नोकरीत होते, मोजणीच्या नकाशावर त्या मिळकतीची खूण मीच केली. रेघ मात्र कोणत्याच नकाशात घालायची सोय नव्हती.

पुरानंतर पुण्याला पाणी नव्हतं, ही गोष्ट नव्या लोकांना सांगितली की ते चक्रावतात. पण धरणच वाहून गेलं होतं. बुजवायला काढलेले आड पुन्हा उपसले, कात्रजच्या हौदांना पुन्हा भाव आला. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर इथं पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या आणि पेठांतलं पुणं पांगलं. आमच्या ओळखीतली निम्मी घरं अशी टेकडीकडं गेली. त्यांची नातवंडं आता वेताळ टेकडीवर पळतात. मला वाटतं, त्यामागं हे एक कारण आहेच. नदीपासून जे पळाले त्यांनी उंच जागा धरली.

उरलो आम्ही. वडिलांनी पेठ सोडायला नकार दिला, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या त्या पुन्हा शनिवारातच.

आणि मग शहर हळूहळू पात्रात उतरलं. कसं उतरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी राडारोडा. पडलेल्या वाड्यांची माती, विटा, कौलांचे तुकडे रात्री ट्रॉलीनं आणून काठाला ओतायचे. भराव पसरला की त्यावरून पाऊलवाट. वाटेवरून सायकल जाते म्हटल्यावर मुरूम. मुरमावर डांबर. मग रस्त्याला लागून असलेले म्हशींचे गोठे हटले, गणपतीचे स्टॉल आले, सर्कशीचे तंबू लागले, गाड्या लावायच्या जागा झाल्या. पात्र ओलांडायला बाबा भिडे पूल आला, इतका बुटका की खडकवासल्यातून जरा जास्त पाणी सोडलं की पहिला तोच बुडतो. पुण्यात पाऊस किती झाला हे मिलिमीटरमध्ये कोणी सांगत नाही, "भिडे पूल गेला का?" एवढंच विचारतात.

पाटबंधारे खात्याच्या नकाशात नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा असतात. निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराचं पाणी जिथवर चढेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हा नियम. माझ्या टेबलावर या रेषांवरून भांडणारी माणसं यायची. प्रत्येकाचं म्हणणं एकच, रेषा बरोबर आहे, फक्त माझ्या प्लॉटापाशी ती जरा आत सरकली पाहिजे. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "बाई, ही रेषा पेन्सिलीची आहे की शाईची?" २०२४ च्या २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रात्रीतून तळमजले भरले, तेव्हा मला ते गृहस्थ आठवले. त्यांचं घर त्या भागात नाही, हे त्यांचं नशीब.

आता पळताना डोक्यावर मेट्रो असते. वनाझहून येणारा मार्ग साधारण १.७ किलोमीटर नदीच्या पात्रातून जातो, त्यावरून कज्जेदलाली झाली, हरित न्यायाधिकरणापर्यंत प्रकरण गेलं आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी सुरू झाली. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी. पहाटेच्या अर्धवट उजेडात ती खरोखर चांगली दिसतात, हे मान्य करते. उन्हाळ्यात खांबांची सावलीही पडते. पण खांबांच्या कामाच्या दिवसांत रस्त्यावर टाकलेल्या खडीत माझा पाय मुरगळला आणि पाच आठवडे घरी बसावं लागलं, तेव्हाचं माझं मत वेगळं होतं. तिथं ना दिवा होता, ना फलक.

नदीसुधाराचं कामही निघालं आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठ बांधून काढायचा बेत, मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंडगार्डनकडं झालेल्या तुकड्यावर मी दोनदा जाऊन पळून आले. सपाट, रुंद, दिवे लागलेले, बसायला पायऱ्या. पळायला याहून सोयीचं काही नाही. एका लयीत पाच किलोमीटर झाले, एकदाही खाली बघावं लागलं नाही. परत आल्यावर भाचीनं विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, विमानतळावर पळाल्यासारखं. आमच्या पट्ट्यात लकडी पुलापुढं एक वाळुंजाचं झाड अजून पाण्याला टेकून उभं आहे, त्याखाली ढोकरी एका पायावर उभी असते आणि मी जवळ आले की टिटवी आरडाओरडा करून सगळ्या नदीला सांगते. वासही असतो. शहराचं सांडपाणी नदीत येतं आणि काठ बांधला म्हणून ते यायचं थांबत नाही. माझं सरळ मत आहे, आधी पाणी, मग पायऱ्या. पाणी स्वच्छ असेल तर लोक ओबडधोबड काठावरही येतात. वडिलांच्या काळात येत होते.

पळणाऱ्या नव्या मुलामुलींना एकच सांगते. कानातलं काढून ठेवा, निदान पावसाळ्यात. या वाटेवर पाणी मागून येतं.

परवा रात्री मोबाइलवर निरोप आला, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आहे, नदीपात्रातला रस्ता बंद. तरी सवयीनं पहाटे बूट घालून लकडी पुलावर गेले. खाली वाट नव्हतीच. वाळुंजाचा शेंडा तेवढा वर होता, आणि माझ्या रोजच्या रस्त्यावरून एक प्लास्टिकचा डबा माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं संगमाकडं चालला होता. कठड्याला टेकून आमच्या गटातले चार जण उभे होते. भिडे पूल गेला का, असं एकानं विचारलं. गेला होता.

या आठवड्यात मी पर्वती चढते. एकशेतीन पायऱ्या आहेत.